डोक्याचं माप

पुतणीच्या ज्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं, ते बरेच दिवस माझ्या टेबलावर शब्दकोशाखाली दबून होतं. फोनवर मला बोलता येत नाही. समोरचं माणूस थांबलं की आता आपण बोलायचं की ऐकायचं, तेच कळत नाही. म्हणून ती मला पत्रं लिहिते.

“काका,” तिनं लिहिलं होतं, “ठकीचं डोकं फार भराभर वाढतंय. डॉक्टरांच्या तक्त्यावरची रेघ ओलांडून गेलंय. ते म्हणतात, काही घरांत डोकी मोठीच असतात, तसं असेल तर काळजी कमी. आमची दोघांची मोजली, ती बेताची निघाली. बाबा असते तर त्यांचं मोजलं असतं. आई म्हणते, तुमचं आणि बाबांचं डोकं एकाच साच्यातलं. तेवढं मोजून कळवा.” आणि अगदी शेवटी, कडेला: “हल्ली दूध फार ओकते. डोळे सारखे खाली झुकलेले असतात. दात येत असतील.”

ठकी ही तिची मुलगी, अजून बसायलाही न लागलेली. बायकोनं तिच्यासाठी टोपी विणली होती, ती पुढच्या वर्षीच्या बेतानं. महिनाभरात ती कानांपर्यंत येईना.

बायकोनं शिवणाची टेप आणली.

“हलू नका.”

“मी नाही हलत.”

“मग काय टेप हलतेय?”

एकदा अठ्ठावन्न आलं, एकदा साठ. “केस धरून मोजायचं की सोडून?” मी विचारलं.

“कुठले केस?” ती म्हणाली. “लिहून टाका, आपल्या घरातली डोकी अशीच. पोरीच्या जिवाला तेवढाच आराम.”

मी बसलो आणि लिहिलं, “काळजी करू नकोस, हे डोकं आपल्याच घरचं.” वाक्य मला आवडलं. मग कडेचा मजकूर पुन्हा वाचला आणि हात आखडला. माझं डोकं मोठं आहे खरं, पण ते कधी असं भराभर वाढलं होतं का? टेप किती ते सांगते, किती वेगानं ते नाही. माझी आई असती तर तिला विचारलं असतं. आणि ते डोळे? कागद फाडला. दुसऱ्यावर लिहिलं, “डॉक्टरांना डोळ्यांचंही सांग.” पण जन्मभर ग्रंथालयात बसून डॉक्टरांना पुस्तकं काढून देणारा मी, त्यांना शिकवणारा कोण? तोही फाडला. अशा रीतीनं काहीच गेलं नाही.

मग तिच्या नवऱ्याचा फोन आला. बायकोनं घेतला, ऐकला आणि म्हणाली, “उठा. निघायचंय.”

इस्पितळाच्या बाकावर पुतणीनं मला सगळं सांगितलं. “डॉक्टरांनी विचारलं, काकांचं माप आलं का? म्हटलं, नाही. तर म्हणाले, मग वाट बघायला नको, टाळू भरली नाहीये तोवर तिथूनच सोनोग्राफी करून घेऊ.”

मेंदूच्या आत पाण्यानं भरलेल्या पोकळ्या असतात आणि ते पाणी तयार करणारी एक नाजूक झालर असते. ठकीच्या त्या झालरीतून गाठ वाढली होती, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी. झालर जे करते तेच ती करत होती, फक्त नको तितकं. पाणी साठत होतं आणि डोकं फुगत होतं. अशी गाठ इतकी क्वचित होते, की मुलांच्या डॉक्टरांनी ती आजवर पुस्तकातच पाहिली होती.

शस्त्रक्रिया आदल्या दिवशी झाली होती. गाठीत रक्त फार आणि मुलीच्या अंगात मुळात थोडंसं, त्यामुळे सर्जन बाहेर आले तेव्हा तेही दमलेले होते. गाठ पूर्ण निघाली, म्हणाले. दिसायला साधी वाटते, पण नुसत्या दिसण्यावर जाता येत नाही. या गाठीचे तीन प्रकार. साधी काढली की सहसा परत येत नाही. मधलीवर डोळा ठेवावा लागतो. आणि तिसरी... तिथे ते थांबले. सूक्ष्मदर्शकाखाली बघणारे डॉक्टर सांगतील तेच खरं.

ते सांगेपर्यंत आम्ही बाकावर बसून राहिलो.

“पत्र का नाही पाठवलंत?” पुतणीनं विचारलं.

“खात्री नव्हती.”

ती किंचित हसली. “आई म्हणते, भाऊजींना चहा हवा का विचारलं तरी ते आधी पुस्तक उघडतात.”

“एक लिहिलं होतं,” मी म्हणालो. “काळजी करू नकोस, असं.”

तिनं समोरच्या दाराकडे पाहिलं. “ते आलं असतं ना काका, तर मी थांबले असते,” ती म्हणाली, आणि माझा हात तिनं मुठीत घट्ट धरला.

तिसऱ्या दिवशी सर्जन आले आणि उभं न राहता आमच्याच बाकावर बसले. “पॅपिलोमा. म्हणजे साधी. दोघांनी वेगवेगळं पाहिलं, दोघांचं एकच मत.”

“पुन्हा सांगा,” पुतणी म्हणाली. त्यांनी पुन्हा सांगितलं. तिचा नवरा भिंतीकडे तोंड करून सूचनाफलक वाचत उभा राहिला.

आम्हाला एकेकाला आत सोडलं. ठकीच्या डोक्याला पट्ट्या होत्या, नाकात नळी होती. मी वाकलो, तर तिनं डोळे वर करून माझ्याकडे पाहिलं.

परवा पुतणीचं नवं पत्र आलं. “डोकं आता रेघेला धरून चाललंय, पण आहे मोठंच. डॉक्टर विचारतात, यातलं घरचं किती? काका, आता तरी कळवा.”

बायकोनं टेप काढली. आम्ही पुन्हा मोजलं आणि मी लिहिलं: “साडेअठ्ठावन्न सेंटीमीटर. थोडं इकडेतिकडे असू शकेल. तुझे बाबा माझी टोपी न विचारता घालून जायचे आणि ती त्यांना नीट बसायची. हे मात्र नक्की.”

पत्रपेटीपाशी मला वाटलं, एकोणसाठ लिहायला हवं होतं का.

“हात काढा पेटीतून,” बायको म्हणाली.

मी काढला. रिकामा होता.