डाव्या चाकातला चौथा

मी डाव्या चाकातला चौथा बोलतोय. चौथा म्हणजे चौथं बेअरिंग. मोहिद्दीन शेखांच्या पिकअपच्या मागच्या डाव्या चाकात माझ्याआधी तिघं बसली आणि तिघंही वर्ष पुरं व्हायच्या आत खलास झाली. उजव्या चाकातलं बेअरिंग मात्र गाडी घेतल्यापासून तेच आहे, म्हातारं पण ठणठणीत. ज्या खोलीत आधीचे सगळे भाडेकरू मेले, तिची किल्ली हातात देऊन कोणी 'सुखानं राहा' म्हणावं, तसं माझं झालं. मला भित्रा म्हणा हवं तर. माझ्या जागी तुम्ही असता तर तुमचीही पाचावर धारण बसली असती.

माझा जन्म कारखान्यातला. भट्टीत तापलो, तेलात विझलो, घासूनपुसून आरशासारखा झालो. दोन पोलादी कड्या आणि त्यांच्यामध्ये पिंजऱ्यात गोल उभी राहिलेली लहान लहान रोळांची रांग, एवढाच माझा देह. गाडीचं, मालाचं, माणसांचं ओझं त्या रोळांवर येतं. ग्रीसमध्ये न्हाऊन आम्ही ते ओझं हसत फिरवतो. ग्रीस म्हणजे आमचं रक्तच म्हणा. ते बिघडलं की पोलाद पोलादाला खाऊ लागतं.

पिरंगुटच्या दुकानातून शेखर मिस्त्रीनं मला गॅरेजात आणलं, तेव्हा तिथं भांडण जुंपलं होतं.

"पयलं डुप्लिकेट निघालं म्हनलास," मोहिद्दीनचाचा बोटं मोडत होते. "दुसऱ्याला मी माल लई भरला म्हनलास. आता तिसऱ्याला काय म्हननार हायेस?"

"चाचा, मलाच कळंना झालंय."

"मग मी सांगतो. हातोड्यानं ठोकून बसवतोस तू. दुसरं काय? परक्याची गाडी फुलावानी आन घरच्याला दणकं!"

शेखरचे कान तेवढे लाल झाले. कितीतरी वर्षं ही गाडी त्याच्याच हाताखाली होती. त्यानं रॉकेलनं हब धुतला, फडक्यानं कोरडा केला. हब म्हणजे चाकाच्या पोटातलं आमचं घर. मग तळहातावर ग्रीस घेऊन माझ्या रोळारोळांत भरलं. मला हातोडा शिवू दिला नाही, प्रेसवर अलगद दाबून बसवलं. एक्सल सरळ आहे की नाही तेही पाहिलं. वर पाणी-धूळ अडवायला नवं कोरं रबरी सील लावलं.

घरी गेल्यावर चाचांच्या बायकोनं, हुस्नाभाभींनी, चाकावरून मीठमिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. "ह्याच चाकाला कुनाची तरी नजर हाय," त्या म्हणाल्या. मला बरं वाटलं. पण अंधारात हबच्या भिंतीला माझी पाठ टेकली आणि तिथले ओरखडे मला लागले. आधीच्या तिघांचे होते ते. त्या दिवसापासून माझी झोप उडाली.

चाचांचा धंदा दुहेरी. सकाळी डोंगरावरच्या वाड्यांतून शेळ्या-बोकडं भरून बाजारात न्यायची. परत आलं की भरे गावातल्या बायकांना उरवडे गावाच्या पुढं घाट चढून बंगलेवाल्यांच्या बागांत सोडायचं आणि संध्याकाळी घरी आणायचं. त्यात म्हसू धनगराची बायको सुंदराबाईही असायची. नवऱ्याच्या शेळ्या सकाळी ज्या गाडीतून जायच्या, त्याच गाडीतून ती दुपारी खुरपायला जायची. तिची जागा ठरलेली, मागच्या डाव्या चाकावर. म्हणजे बरोबर माझ्या डोक्यावर.

आता शेळ्या नेल्या की गाडीचं काय होतं, ते वेगळं सांगायला नको. लेंड्या आणि मूत यांचा नुसता राडा. चाचांना ते खपायचं नाही. "बायामानसं बसनार हायेत. घानीत बसवू व्हय त्यांना?" असं म्हणून ते बाजारातून तडक नदीवर यायचे आणि गाडी रिव्हर्समध्ये पाण्यात घालायचे. मागची फळी पाडली की बादलीवर बादली मारून हौदा लख्ख. वाळल्यावर लेंडी निघत नाही, म्हणून थांबणं नाही. गाडी स्वच्छ ठेवणारा माणूस म्हणून सगळ्या भागात चाचांचं नाव होतं.

पहिल्यांदा नदीत उतरलो तो दिवस मी विसरणार नाही. बाजारातून येताना उतारावर ब्रेक लावलावून ड्रम तापलेला, हब तापलेला, मी तापलेला. उजवं चाक खडकावर राहिलं आणि आम्ही डावीकडच्या डोहात हबच्या वरपर्यंत बुडालो. क्षणात सगळं गार झालं. आणि आतून काहीतरी आवळल्यासारखं झालं, जणू कोणी तोंड लावून ओढत होतं. सीलच्या कडेतून पाण्याचा एक गार घोट आत आला. इतकासाच. मी म्हटलं, एका घोटानं काय होतंय!

पण घोट रोज येत राहिला. ग्रीसचा रंग उडाला, ते पातळ झालं. रोळांवर बारीक तांबडे ठिपके उठले. मग ते ठिपके टोचू लागले आणि मी घरघरू लागलो. आधीच्यांचं काय झालं ते मला तेव्हा कळलं. पण कळून सांगणार कोणाला?

मला मरणाची भीती होती, खोटं कशाला बोलू? पण त्याहून मोठी भीती दुसरी होती. मी घाटात तुटलो, तर मी एकटा जाणार नव्हतो. चाक निखळलं असतं, हौदा डावीकडं कलला असता, आणि डावीकडं दरी होती.

सुंदराबाईला माझी घरघर बुडाखाली जाणवली. तिनं केबिनच्या मागच्या खिडकीतून ओरडून सांगितलं, "मोहिद्दीन, हितं कुनीतरी जातं वढतंय बघ!"

"टायरचा आवाज हाय, मावशी. बेरिंग नवं बसवलंय," चाचा म्हणाले आणि त्यांनी गाणं मोठं केलं.

माणसांचं हे एक मला कधी उमगलं नाही. नकोसा आवाज आला की ती दुसरा आवाज मोठा करतात.

व्हायचं ते एका संध्याकाळी घाट उतरताना झालं. हौदा बायकांनी भरलेला, त्यांची हसणी-खिदळणी चाललेली. माझ्या पोटातला रोळ पकडणारा पिंजरा तुटला. रोळ एकमेकांवर चढले आणि चाक डुलायला लागलं. मी जळत होतो. प्रत्येक वळणाला वाटायचं, आता सुटलो. दात-ओठ खाऊन, म्हणजे जे काही शिल्लक होतं ते सगळं आवळून, मी धरून राहिलो. वर कोणीतरी देवाचं नाव घेतलं.

"आरं धूर निघतोय! थांबीव गाडी!" सुंदराबाईनं दोन्ही हातांनी टपावर दणके घातले.

गाडी थांबली तेव्हा डावं चाक वाकडं होऊन कठड्याशी टेकलेलं होतं. पलीकडं खाली नुसती झाडांची टोकं. बायका उड्या टाकून उतरल्या. चाचा कॅन घेऊन धावले आणि त्यांनी धुरावर पाणी ओतलं. चर्र झालं, आणि मी आणखी एक घोट गिळला.

फोन गेला, शेखर मोटारसायकलवर आला. उजेड होता तोवर त्यानं जॅक लावला, चाक उतरवलं, हब उघडला. आतलं ग्रीस ताकासारखं पांढरं झालं होतं.

"पाणी गेलंय," शेखर म्हणाला.

"मग? आत्ताच वतलं की मी."

"आत्ताच्या पाण्यानं गंज चढतोय व्हय, चाचा? ह्यो बघा, खड्डं पडल्यात. लई जुनं पाणी हाय. गाडी पाण्यात घालता का तुमी?"

"मी काय नावाडी हाय?"

"न्हाई कशी?" सुंदराबाई पदर खोचून पुढं आली. "रोज तर नदीत मागं घेतोस."

"ती धुतो मी, मावशी! धुनं येगळं आन पाण्यात घालनं येगळं."

शेखरनं हबातून मान वर केली. "डावं चाक कुटं असतंय?"

"डावीकडं डोव्ह हाय. उजवं खडकावर," सुंदराबाईच बोलली.

"पर धुतात तर समदेच," शेखर स्वतःशीच पुटपुटला. "सील नवं हुतं. आत गेलं कसं?" मग एकदम त्यानं विचारलं, "बाजारातनं आल्यावर किती येळानं धुता?"

"लगीच. वाळल्यावर लेंडी निघती का?"

"म्हंजी तापलेली!"

"आगं बया," सुंदराबाई म्हणाली, "म्हंजी तांब्या लावल्यावानी झालं की!"

बेंबी सरकली, पोट दुखायला लागलं की बायका पोटावर पेटती वात ठेवून वरून तांब्या पालथा घालतात. वात विझते, आतली हवा गार होऊन आकसते आणि तांब्या पोटाचं कातडं आत ओढून घट्ट बसतो. सगळ्यांनी ते पाहिलेलं होतं. चाचांना तर लहानपणी लावलेलाही होता.

"अगदी तस्संच," शेखर म्हणाला. "तापल्या हबात हवा फुगलेली. गार डोहात घातला की ती आकसती आन सीलच्या फटीतनं पाणी वढून घेती."

चाचा मटकन कठड्यावर बसले. खालच्या झाडांकडं त्यांनी एकदा पाहिलं आणि लगेच मान फिरवली.

"तुमच्यासाठीच धूत हुतो मी," ते बायकांना म्हणाले. मग शेखरकडं न बघता, "आन तुला नाय नाय ते बोललो."

"ऱ्हाऊ द्या, चाचा. पाना धरा जरा," शेखर म्हणाला.

पाचवं बेअरिंग आलं. माझी बाहेरची कडी चाचांनी तारेला बांधून केबिनमध्ये आरशाखाली टांगली. आता मला रस्ता दिसतो. खरं सांगतो, न दिसलेलाच बरा होता.

पुढच्या खेपेला बाजारात शेळ्या उतरवून आम्ही निघालो आणि नदीचा फाटा आला. चाचांचा हात सवयीनं वळला. गाडी उतारावर गेली, रिव्हर्स पडला, मागून पाण्याचा आवाज येऊ लागला. ओरडायला मला रोळही उरले नव्हते. पाचव्याला कोण सांगणार? पाण्याच्या काठावर ब्रेक लागला. चाक निवेपर्यंत थांबावं किंवा काठावरून एकेक बादली वाहावी, तर तिकडं बायका खोळंबलेल्या. शेवटी चाचांनी पहिला गियर टाकला आणि तशीच घाण गाडी भरेच्या थांब्यावर नेली.

ते खाली उतरले नाहीत. तोंड दाखवायची लाज वाटत होती त्यांना. मागं बायकांनी नाकाला पदर लावले. कोणी चढेना.

सुंदराबाईनं बगलेतलं पोतं झटकलं, हौद्यात डाव्या चाकावर अंथरलं आणि ती बसली.

"शेळीच्या मुतानं कुनी मेलेलं ऐकलं न्हाई मी," ती म्हणाली. "चला गं, बसा."

बायका चढल्या. चाचांनी डोळे पुसले की घाम, ते मला आरशाखालून नीट दिसलं नाही. गाडी घाटाला लागली.

अजूनही प्रत्येक वळणाला माझा थरकाप होतो. तुम्हाला एकच विनवणी आहे. तुमच्या गाडीच्या चाकातून कधी घरघर आली, तर गाणं बंद करा, गाडी थांबवा आणि खाली उतरा. आमच्यातलं कोणीतरी तुम्हाला हाक मारत असतं, आणि वर कोणीतरी बसलेलं असतं.