बुंदीचा टेम्पो

लुंबिनीचे वडील रामकिशन, तिचे आबा, जाऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा तिने इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशात त्यांच्या नावाचं पान तयार केलं. नांदेडच्या एका मोठ्या हॉटेलात त्यांची उभी हयात गेली. शेवटी शेवटी तिथले मुख्य शेफ झाले, पण घरी स्वतःला आचारीच म्हणवत. आता लुंबिनी नोकरीच्या गावी, लातूरला, आईला, सरजाबाईंना, घेऊन राहत होती. तिचं मागणं फार नव्हतं. कुणी कधी आबांचं नाव शोधलं तर ते सापडावं, एवढंच.

पानावर तिने बिलोलीजवळचं त्यांचं जन्मगाव लिहिलं, त्यांच्या हाताखाली तयार झालेले आचारी लिहिले, जिच्यासाठी लोक वाट वाकडी करून यायचे ती येसर आमटी लिहिली. आणि मोह आवरला नाही म्हणून एक आठवणही घुसडली. ती पाचवीत असताना आबा एका लग्नाच्या स्वयंपाकाला गेले आणि दुपारीच टेम्पो भरून परत आले. आमटी, वांग्याची भाजी, भाताची पातेली आणि बुंदीच्या पराती. 'वऱ्हाड कमी आलं, उरलं,' म्हणाले आणि अख्ख्या वस्तीची पंगत बसवली. पोरींनी तर बुंदी फ्रॉकच्या ओच्यात भरून नेली. लुंबिनीच्या लहानपणातला इतका गोड दिवस दुसरा नव्हता.

पानावर चर्चा सुरू झाली ती थेट हातघाईवरच. 'उल्लेखनीयता नाही, वगळावे,' असं एका संपादकाने ठोकून दिलं. दुसऱ्याला ती हॉटेलची जाहिरात वाटली. ज्यांनी आबांच्या हातचा घास कधी खाल्ला नाही, ते आबा नोंदीच्या लायकीचे आहेत की नाहीत हे ठरवत होते. लुंबिनीच्या अंगाचा तिळपापड झाला. पण नियम सरळ होता. घरच्यांचं सांगणं चालणार नाही, परक्याने छापलेलं काही दाखवा. तिने शोध शोध शोधलं. वर्तमानपत्रांत हॉटेल होतं, मालक होता, आमटीचं कौतुकसुद्धा होतं. ती रांधणारा तेवढा कुठेच नव्हता.

तिची बाजू घेणारे एकटे मृत्युंजय सर. उदगीरचे निवृत्त शिक्षक, ज्ञानकोशातले जुने संपादक. तिला कधी भेटलेले नव्हते, तरी जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली चाळत बसले. एका रविवारी सकाळी त्यांचा फोन आला.

"ताई, सापडलं. दोन पेपरांत तुमच्या वडिलांचं नाव आहे. एकात तर मथळ्यातच आहे. मी लगेच चर्चेत टाकलं. पान आता कुणी हलवत नाही." मग त्यांचा आवाज खाली आला. "टाकल्यावर नीट वाचलं. तुम्हाला आधी विचारायला पाहिजे होतं."

लुंबिनीने सरांनी पाठवलेला बातमीचा फोटो उघडला. 'रामकिशन आचाऱ्याच्या हातचे जेवण नाकारले.' बिलोलीकडच्या एका गावातलं लग्न. हॉटेलमालकाने पाठवलेला आचारी कोणत्या जातीचा, हे वऱ्हाडातल्या कुणीतरी ओळखलं. पहिली पंगत भरल्या ताटांवरून उठली. मुलीच्या बापाने सांगितलं, ही भांडी इथून हलव. आचाऱ्याला वार्ताहराने विचारलं तर तो म्हणाला, माझी काही तक्रार नाही.

तिने तारीख पाहिली. तिच्या पाचवीचं वर्ष, लग्नसराई. टेम्पो कुठून आला होता ते तिला आत्ता कळलं.

चर्चेत तोपर्यंत वारं फिरलं होतं. वगळावे म्हणणाऱ्या त्याच संपादकाने लिहिलं होतं, 'ठेवावे. आता उल्लेखनीयता सिद्ध होते.'

सरजाबाई स्वयंपाकघरात मेथी निवडत होत्या.

"माय, आबा टेम्पो भरून आलते त्या लग्नात वऱ्हाड कमी आलंच नव्हतं ना?"

सरजाबाईंचे हात थांबले. "कोण सांगितलं तुला?"

"पेपरात हाय."

"आलतं की. लई आलतं."

"मग मला कधी बोलली का न्हाईस?"

"तुझ्या आबानं शपथ घातलती." सरजाबाईंनी काडी मोडून बाजूला टाकली. "म्हणले, पोरीनं पोटभर, चवीनं खाल्लंय. तिच्या तोंडातली चव जाईल."

लुंबिनीने सरांना फोन लावला आणि पान काढून टाका म्हणाली.

"ताई, हे लोकांना कळायला हवं," सर म्हणाले.

"कळू द्या, सर. तुम्ही त्या लग्नाचं पान करा, मी आडवी येणार नाही. पण कुणी आबांना शोधलं तर ती उठलेली पंगत सापडायला नको. त्यांनी जन्मभर लपवलं, ते मी त्यांच्या नावाखाली कसं लावू?"

तिने चर्चेत लिहिलं, 'पान मी तयार केलं होतं. वगळावे.' दिवस मावळायच्या आत पान गेलं. तिने आबांचं नाव टाकून पाहिलं. काहीच सापडलं नाही.

मग ती मेथीच्या काड्या आवरायला आईजवळ जाऊन बसली. आवरता आवरता तिने त्या दिवसाची बुंदी आठवून पाहिली, नेहमी आठवायची तशी. वस्ती आठवली, ओचा आठवला, पराती रिकाम्या करत वाढणारे आबा आठवले. गोडी मात्र जिभेवर येईना. आबांनी मरेपर्यंत जपली होती, आणि त्यांचं नाव राहावं म्हणून तिनेच ती घालवली होती.