भामाबाईंचा मिजाज

भामाबाई उष्ण प्रकृतीच्या आहेत, हे तंजावूरच्या मेलवीथी रस्त्यावर कुणालाही विचारा. राग नाकाच्या शेंड्यावर, अंगाने काटकुळ्या, झोप नावापुरती. घरच्यांनी त्यावर तमिळ मुलखाचा सर्वमान्य उपाय लावून दिला होता. सकाळी रात्रभर पाण्यात ठेवलेला शिळा भात, दुपारी काकडी आणि रात्री मोरु, म्हणजे आपलं ताक. राग काही कमी होईना, म्हणून ताक वाढत होतं.

एवढ्याने कुणाचं काही बिघडलं नसतं. पण शाळेतून निवृत्त झाल्यापासून बाई दर रविवारी सकाळी मराठी समाजाच्या हॉलमध्ये मुलांना मराठी लिहायला-वाचायला शिकवत. इथली मुलं घरी मराठी बोलतात, तेही अर्धं तमिळ मिसळून. आणि अक्षरं ओळखतात ती तमिळ, नाहीतर इंग्रजी. हा वर्ग म्हणजे बाईंचा जीव की प्राण. त्यांच्या ओरडण्याला भिऊन मुलं येईनाशी झाली, तेव्हा हॉलचे कारभारी सांबशिवराव यांनी साफ सांगितलं, पोंगलपर्यंत, म्हणजे संक्रांतीच्या सणापर्यंत, मुलं परतली नाहीत तर वर्ग बंद.

बाई तडक भाचीकडे गेल्या. भावाची मुलगी शांभवी चेन्नईत युनानी वैद्यक शिकून आली होती. मराठ्यांची पोर हकीम झाली म्हणून ज्या नातेवाइकांनी नाकं मुरडली, तेच आता तिच्या दवाखान्यात गुपचूप नंबर लावून बसत.

"मोरुनं भागत नाही गे," बाई म्हणाल्या. "अंगात सूडु फार, नुसती आग. अजून थंड काहीतरी दे मज."

शांभवीने त्यांचा हात हातात घेतला. तंजावूरच्या भर दुपारी तो हात गार होता, आणि कातडी कोरडी ठणठणीत. थंडीत गुडघे धरतात का? धरतात. कोवळं ऊन बरं वाटतं का? वाटतं.

"आणि राग आला की लगेच जातो, आत्या? का राहतो?"

बाई विचारात पडल्या. पापनाशमच्या एका बस कंडक्टरने त्यांना थांबा सोडून पुढे उतरवलं होतं, तेव्हा ही शांभवी जन्मलीही नव्हती. तो आज समोर आला असता तर बाईंनी त्याला सोडला नसता.

"राहतो," त्या म्हणाल्या.

"मग तुम्ही उष्ण नाहीत. नुसत्या रागावरून मिजाज, म्हणजे प्रकृती, ओळखत नाहीत. हात, कातडी, झोप, ऋतू, सगळं बघावं लागतं. उष्ण माणसाचा राग भडकतो आणि विझतो, तुमचा साचतो. तुमचा मिजाज सौदावी, थंड आणि कोरडा. वयानं तो अजून थंड होतो, आणि घरचे तुम्हांस ताक पाजतात!"

जन्मभर उष्ण म्हणून मिरवलेल्या बाईला थंड म्हणणं म्हणजे काय ते ज्याचं त्यालाच कळावं. बाईंना सरळ अपमान वाटला.

"बरं, मग औषध दे. बदलून टाक तो मिजाज."

"औषध आजाराला असतं. मिजाज आजार नव्हे, तो तुमचा स्वतःचा. त्याचा तोल ढळू द्यायचा नाही, म्हणजे आजार दारात येत नाही."

मग तिने शिळा भात आणि ताक बंद केलं. सकाळी तूप घालून गरम वेणपोंगल, म्हणजे मूगडाळीचा मऊ भात, रात्री बदाम उगाळून दूध, टाळूवर बदामाचं तेल, कोवळ्या उन्हात चालणं आणि वेळेवर अंथरूण.

कार्टीला काही कळत नाही, असं म्हणत बाई घरी आल्या. आणि ती चुकली हे सिद्ध करायचं म्हणूनच त्यांनी सारं काटेकोर पाळलं. पंचाईत अशी झाली की त्यांना झोप लागू लागली. गाढ, लहान मुलासारखी झोप. सकाळी कुणाशी भांडायचं राहिलंय हे आठवायला वेळ लागू लागला. तेव्हा बाई स्वतः घरोघर गेल्या आणि मुलांना म्हणाल्या, "या रे. ओरडले तर उठून जा." मुलं आली, पण दाराजवळ बसली, चपला हाताशी ठेवून.

पोंगलच्या आधीच्या रविवारी वर्ग भरलेला असताना सांबशिवराव आले. पुढच्या आठवड्यापासून हॉल कोचिंग क्लासला दिलाय म्हणाले. वर्ग मोडलाच असं ते धरून चालले होते.

भामाबाई उभ्या राहिल्या. राग आला, चांगला सणसणीत आला. मुलांनी चपला जवळ ओढल्या.

"पोंगलपर्यंत म्हणालात तुम्ही. पोंगल झालं नाही, आणि मुलं ही बघा, बसलीत. शब्द दिला तो पाळा. कोचिंगवाल्यांस संध्याकाळ द्या, सकाळ माझी."

आवाज चढला नाही, कापलाही नाही. सांबशिवरावांनी मुलांकडे पाहिलं, फळ्याकडे पाहिलं, आणि संध्याकाळचं बघतो म्हणाले.

"वर्ग सुटेपर्यंत थांबा," बाई म्हणाल्या. "कॉफी घेऊन जा."

हे ऐकून सांबशिवराव दचकले. बाईंनाही नवल वाटलं. आता वर्षभर या माणसाशी बोलायचं नाही, एवढा तरी राग आत उरला असेल म्हणून त्यांनी चाचपून पाहिलं. काही नव्हतं. कामापुरता आला होता, काम करून गेला होता. त्यांना आपल्याच रागाचा पहिल्यांदा अभिमान वाटला.

मुलं मात्र चपला धरूनच होती. मोठ्या माणसावरचा राग मागाहून आपल्यावर निघतो, हे त्यांना पाठ होतं. बाई फळ्याकडे वळल्या आणि अर्धवट राहिलेला 'क्ष' त्यांनी पुरा केला.

"हे कोण लिहिणार?"

मग हरिणी नावाची सगळ्यात भित्री मुलगी उठली, बाईंच्या अगदी शेजारी येऊन उभी राहिली आणि खडूसाठी तिने हात पुढे केला.