दोन पिस्तुलं आणि धर्मराजचा हात

बेळगावच्या छावणीतल्या त्या शाळेत हत्यारांच्या बाबतीत धर्मराजचा शब्द शेवटचा. शाळा म्हणजे पाटी-दप्तराची नव्हे. नव्या अफसरांना नि जवानांना नेम धरायला शिकवणारी. तिच्या कोतात, म्हणजे शस्त्रागारात, धर्मराज सत्तावीस वर्षं मिस्त्री होता. निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळून चाळून तानीबाईनं, त्याच्या आईनं, त्याला आयटीआयपर्यंत पोचवलं होतं. तंबाखूच्या त्या धुरळ्यात वाढल्यामुळं असेल, पण धुळीशी त्याचं जन्माचं वैर होतं. कोतात शिरणाऱ्याला तो बूट पुसायला लावी, मग तो सुभेदार असो नाहीतर साहेब.

आणि त्याचा जीव होता तो जुन्या पोलादी पिस्तुलांवर. अशी चाळीस पिस्तुलं कोतात होती, सगळी त्याच्या नोकरीहून वयानं मोठी. नऊ मिलिमीटरची, मुठीत तेरा गोळ्या घेणारी. पोलादाच्या एका ठोकळ्यातून कोरून काढलेला सांगाडा, त्यावर मागं-पुढं सरकणारा वरचा भाग, आणि तो सरकताना होणारा तो जड, भरीव आवाज. त्या आवाजावरून धर्मराज डोळे मिटून सांगायचा की हे चौदा नंबरचं आहे नि ह्याची स्प्रिंग दमलेली आहे. नव्या माणसाला तो पिस्तूल हातात देऊन नुसतं धरायला सांगे. "वजन बघा. हात आपसूक ठरतोय का न्हाय?" असं विचारताना त्याच्या तोंडावर जी कौतुकाची कळा यायची, ती स्वतःच्या लेकीच्या लग्नातही आली नव्हती, असं त्याची बायको सोनुबाई सगळ्यांना सांगत फिरायची.

सत्त्याऐंशी सालच्या जुलैत वरून एक कॅप्टन आला. त्याच्याबरोबर एक पेटी होती. पेटीत परदेशी बनावटीचं एक नवं पिस्तूल. नळी आणि वरचा भाग पोलादी, पण खालचा सगळा सांगाडा, मूठ आणि सगळं, प्लास्टिकचं. जुन्याशी त्याची तुलना करायची, तीन दिवस चाचणी घ्यायची आणि अहवाल वर पाठवायचा, असा हुकूम होता.

प्लास्टिक म्हटल्यावर सगळी शाळा हसून घेऊ लागली. सुभेदार मारुतीराव खानापूरकडचा, तोंडाचा फटकळ. त्यानं पिस्तूल उलटंसुलटं केलं, नखानं वाजवून पाहिलं. "धर्मराजअण्णा, ह्येची मोरी बसवा घरात. न्हायतर सोनुआक्काला द्या, पाणी काढायला बरं पडंल."

"हसू नका सुभेदारसाब," धर्मराज म्हणाला. "आदी उघडून बघू." पण तोही मनातून हसतच होता. त्यानं ते उघडलं. हत्याराविना, नुसत्या बोटांनी उघडलं. आत मोजून चौतीस भाग. जुन्यात याहून पुष्कळ जास्त. प्लास्टिकमध्ये पोलादाच्या चिंचोळ्या पट्ट्या बसवलेल्या, वरचा भाग त्यांवर सरकायचा. बाहेर बंद-चालूची कळ म्हणून नव्हतीच. सतरा गोळ्या, आणि रिकामं वजन जुन्याच्या दोन तृतीयांशाच्या आसपास. काम नेटकं होतं हे त्याला कबूल करावं लागलं. पण हातात धरल्यावर ते त्याला काहीच सांगेना. ह्याच्याशी आपली ओळख होणार नाही असं त्याला वाटलं.

चाचणीच्या आधी कर्नलसाहेबांनी त्याला बोलावून घेतलं. "ऑक्टोबरात तुम्ही निवृत्त होता. जुनी पिस्तुलं राहिली तर त्यांच्यासाठी म्हणून मी तुमची दोन वर्षांची मुदतवाढ मागून घेतो. ती गेली, तर मला कारण दाखवता येणार नाही." साहेब सरळ माणूस. त्यांनी दडपण आणलं नव्हतं, जे होतं ते सांगितलं होतं. पण धर्मराजला ऑक्टोबरनंतरचं घर दिसलं. सकाळी दहाला चपला घालून उभा राहिलेला आपण, आणि जायला कुठं जागा नाही.

पहिल्या दिवशी नेमबाजी झाली. जुनं जिंकलं, तेही दणक्यात. पंचवीस मीटरवरून कॅप्टननं झाडलेल्या पाच गोळ्या चुन्याच्या डबीच्या झाकणाखाली झाकतील एवढ्या जवळ लागल्या. नव्याच्या पाच गोळ्यांना बशी लागली असती. वजनामुळं जुनं हातात उसळत नव्हतं, गोळी सुटल्यावर पुन्हा आपल्या जागी येऊन बसत होतं. धर्मराज मागं उभा राहून बघत होता आणि त्याचा ऊर भरून आला होता. इतकी वर्षं पुसलेल्या, पारखलेल्या वस्तूनं परक्या माणसासमोर लाज राखावी, याचं सुख काय असतं ते त्याला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी चिखलाची चाचणी. बेळगावचा जुलै, पाऊस आठ दिवस हटलेला नव्हता आणि मैदानावरची तांबडी माती शिऱ्यासारखी झाली होती. जुनं नि नवं, दोन्ही पिस्तुलं आदल्या संध्याकाळी धर्मराजनंच साफ करून तेल देऊन ठेवली होती. ती त्या मातीत पुरली, काढली, झटकली आणि चालवली. जुन्यानं पन्नासच्या पन्नास गोळ्या सोडल्या. नवं बाराव्या गोळीला अडलं. चाप ओढला तर नुसतं टिक्. मग एकविसाव्याला, मग तिसाव्याला. मारुतीरावानं मांडीवर थाप मारली. कॅप्टनचं तोंड उतरलं. छत्रीखाली उभ्या असलेल्या कर्नलसाहेबांनी धर्मराजकडं बघून मान हलवली.

दुपारी कोतात बसून धर्मराजनं नवं पिस्तूल धुवायला घेतलं. वरच्या भागात एक बारीक भोक असतं, त्यातून सुई पुढं धावते नि गोळीच्या बुडाला ठोका देते. त्या भोकातून बोटभर लगदा निघाला. तांबडी माती आणि तेल, मळलेल्या कणकेसारखा घट्ट. त्यानं तो सवयीप्रमाणं रॉकेलच्या डब्यात बुडवून चिंधीनं पुसून काढला, आणि चिंधी हातात असतानाच त्याचा हात थांबला.

तेल त्यानंच घातलं होतं. सढळ हातानं. बेळगावच्या पावसाळ्यात पोलाद एका रात्रीत तांबतं. सह्याद्रीकडून येणारी ओल भिंतींना घाम आणते, तिथं लोखंडाची काय कथा. म्हणून इथला प्रत्येक मिस्त्री शिकतो ते एकच : प्रत्येक भोकात, प्रत्येक खाचेत तेल, वर आणखी एक थेंब. धर्मराजच्या गुरूनं त्याला हेच शिकवलं, त्यानं पुढच्यांना हेच शिकवलं. जुन्याला ते चालतं. नव्याच्या पेटीत एक इंग्रजी पुस्तिका होती, ती त्यानं चाळलीही नव्हती. सत्तावीस वर्षांच्या हाताला कागद काय शिकवणार, असा त्याचा तोरा होता. सुईच्या भोकात तेल घातलं, तेलानं माती धरून ठेवली, आणि सुई त्या लगद्यात रुतून बसली. पिस्तूल अडलं नव्हतं, त्यानंच ते अडवलं होतं.

लगदा तर त्यानं आत्ताच धुऊन टाकला होता. पाहणारं कुणी नव्हतं. तो डबा पुढ्यात घेऊन बराच वेळ बसून राहिला, आणि आयुष्यात पहिल्यांदा कोताला कुलूप लावायला विसरून घरी गेला. अर्ध्या वाटेतून परत येऊन त्यानं ते लावलं.

घरी त्यानं सोनुबाईला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, हात थांबवला नाही.

"दोन वरसं ऱ्हायचं का न्हाय त्ये सायेब ठरवंल," ती म्हणाली. "पर सांगितलं न्हाईसा तर रोज कोतात जाऊन त्याच पिस्तुलांची तोंडं बघायची. जमंल का?"

"न्हाय जमायचं," धर्मराज म्हणाला.

सकाळी तो कॅप्टनपुढं उभा राहिला नि सांगून टाकलं. मधे एकदाही थांबला नाही. कॅप्टन तिशीतला, पुण्याकडचा. त्यानं सगळं वहीत टिपून घेतलं. मग म्हणाला, "अहवाल अजून लिहिलेला नाही, म्हणून बरं. पण हे तुमच्या सर्व्हिस बुकात चढेल, मिस्त्री. मला चढवावंच लागेल."

"चढवा सायेब. चूक हाय माझी."

चाचणी पुन्हा घ्यायची ठरली. कॅप्टननं पुस्तिकेतलं पान मराठीत वाचून दाखवलं आणि धर्मराजनं निमूटपणे नव्याला तेवढंच तेल दिलं. थेंब, तेही मोजके, सुईच्या भोकात एकही नाही. कोरडं पिस्तूल ठेवताना त्याला कुणाला उपाशी झोपवल्यासारखं झालं. दोन्ही पिस्तुलं चिखलात घातली, आणि कॅप्टननं आणखी एक अट घातली. रात्रभर ती तशीच राहतील, पडवीत, ओली. कुणी हात लावायचा नाही.

ती रात्र धर्मराजनं कशी काढली ते सोनुबाईला विचारावं.

सकाळी जुन्या पिस्तुलावर गंजाची पुटं चढली होती. चौदा नंबर, त्याचं आवडतं. वरचा भाग मागं ओढायला कॅप्टनला दोन्ही हात लावावे लागले. पहिली गोळी सुटली नि तो भाग अर्ध्यातच अडकला. नवं मात्र, पोलादावरच्या गंज न धरणाऱ्या परदेशी मुलाम्यामुळं, पावसात उभ्या केलेल्या म्हशीसारखं निवांत होतं. शंभर गोळ्या झाडल्या, एकदाही थांबलं नाही. मारुतीराव खाली वाकून रिकाम्या पुंगळ्या गोळा करू लागला.

धर्मराजनं जुनं पिस्तूल मांडीवर घेतलं. तासभर तो त्याच्याशी राबला. रॉकेल, चिंधी, तेल, पुन्हा चिंधी. कॅप्टन शेजारच्या बाकावर बसून बघत होता, एका शब्दानं त्यानं घाई केली नाही. गंज गेला, निळसर काळं पोलाद पुन्हा दिसू लागलं, वरचा भाग तो जुना भरीव आवाज करून पुढं आला. "आता मारून बघा सायेब," धर्मराज म्हणाला.

कॅप्टननं पंचवीस मीटरवर पाच गोळ्या मारल्या. पुन्हा तेवढ्याच, झाकणाएवढ्या जागेत. कागदाजवळ जाऊन तो त्या भोकांकडं बघत उभा राहिला.

"कमाल आहे," तो परत येऊन म्हणाला. "खरं सांगू मिस्त्री? उद्या मला कुठं पाठवलं तर मी हेच कमरेला लावीन. दुसरं काही हातात धरवणार नाही. तुमचं मत काय? अहवालात तुमचं मत घालायचं आहे. कुठलं घ्यावं?"

धर्मराज पिस्तूल पुसत होता. इथं त्यानं 'जुनं' म्हटलं असतं तर कॅप्टननं तेच लिहिलं असतं. खुद्द कॅप्टनलाच ते हवं होतं. पाच गोळ्यांचा कागद समोर टांगलेला होता, आणि कर्नलसाहेबांचा शब्द अजून मोडला नव्हता.

"तुमी जिथं जाशीला तिथं मिस्त्री आसंल का सायेब?"

"पुढच्या चौकीवर? नाही. तिथं दोन-दोन आठवडे हत्यार पुसायलाही सवड नसते."

धर्मराजनं चौदा नंबर चिंधीत गुंडाळलं आणि बाकावर ठेवलं. मग कॅप्टनच्या पुढ्यातलं नवं, प्लास्टिकचं, कालच्या चिखलानं अजून बरबटलेलं पिस्तूल उचललं आणि मूठ पुढं करून त्याच्या हातात दिलं.

"मग ह्ये घ्या," तो म्हणाला. "त्ये माझ्यावर जगतंय. ह्येला माझी गरज न्हाय. आसं लिवा, खाली मी सही करतो."