तिथला फोटो

माझी आत्या हसली की पिंपळगावच्या शीतगृहातला गारवा पळून जायचा आणि यंत्र तपासायला नाशकाहून मिस्त्री बोलवावा लागायचा. खोटं वाटेल त्याने महामार्गावरच्या टेम्पोवाल्यांना विचारावं, ते त्या हास्याला हॉर्न समजून बाजू देत. माघाच्या कोवळ्या उन्हात तिची कात्री द्राक्षांच्या घडांतून अशी फिरे, की डागाळलेला मणी भीतीनेच गळून पडावा.

त्या हिवाळ्यात मात्र ती क्रेटवर एका अंगाला कलून बसू लागली, आणि हास्याच्या शेवटाला एक बारीक सुस्कारा लागू लागला. रक्त पडत होतं. गावाने एकमुखाने मूळव्याध ठरवली. तिने इतका सुरण रिचवला, की पार नामपूरच्या बाजारापर्यंत सुरण दुर्मिळ झाला. शेवटी नाशकातल्या डॉक्टरीणबाईंच्या बोटाला गाठ लागली.

‘एमआरआय करा, लगेच. किती खोल गेलीय ते त्यातच कळेल.’

आत्या ताडकन उठली. ‘अगं बाई! लग्नातला फोटो मी मान खाली घालून काढला, अन् आता तिथला काढू व्हय?’

‘आमच्या घरातल्या बाईचा तसला फोटो निघणार नाय,’ तिच्या यजमानांनी, अण्णांनी, बजावलं. ‘आज तिथं, उद्या गावाच्या मोबाइलवर!’

‘अण्णा, तुमच्या गुडघ्याचा असल्याच मशिनीत काढला ना?’ मी विचारलं.

‘गुडघा येगळा!’

येगळा! या एका शब्दावर अख्खा द्राक्षहंगाम गेला. ज्या देहाने या घराची बाळंतपणं आणि ओझी निमूट वाहिली, त्याच देहाचा वीतभर प्रदेश घराण्याच्या अब्रूने निषिद्ध ठरवला. माझा संताप असा पेटला होता, की त्यावर इगतपुरीचा सगळा पाऊस ओतला असता तरी वाफच झाली असती.

तिचं बसणंच संपलं, तेव्हा अण्णांनी मान डोलावली. यंत्रातून बाहेर येऊन ती म्हणाली, ‘लय पत्रा बडवला रं मेल्यांनी कानाशी,’ आणि हसली. त्या हसण्याचा आकार तेवढा उरला होता, आवाज नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी फिल्म उजेडावर धरली. ना अंग, ना लाज. घाटात उतरलेल्या ढगांसारख्या करड्या छटा, आणि त्यांतून आतड्याची भिंत ओलांडून गेलेली एक धूसर मुळी.

‘मागच्या हंगामात पाहिलं असतं, तर कदाचित भिंतीच्या आतच सापडली असती.’

अण्णा फिल्मच्या अगदी जवळ गेले. ‘एवढंच दिसतं व्हय?’

एवढंच, अण्णा. एवढंच.

आत्या गेली. काळ हेच औषध, असं सांत्वनाला येणारे सांगतात, आणि मी त्यांना दारातूनच हाकलतो. तिला हवा होता तो काळ आम्ही अब्रूच्या कुलपात ठेवला. आता तो आमच्यापुढे पडलाय, ढीगभर, निरुपयोगी, तिच्याविना.