मेणबत्ती विझेपर्यंत

भूत उतरवणाऱ्या गोरियोबाबांच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. फणसावर दोघे, कुंपणावर आठ, आणि आमच्या घरातल्या आम्ही पाच बायका अगदी पुढच्या बाकावर. कारण भूत आमचं होतं.

म्हणजे माझ्या बहिणीच्या, एस्तेरच्या मुलीचं, लुनिंगचं. पोर नऊ वर्षांची. वादळात छप्पर उडालं त्या दिवसापासून ती गप्प. स्वतःच्या हाताने जेवेना, सदऱ्याचं बटण लावेना.

बाबांनी पाण्यात मेण ओतलं. "बघा! वारुळातला बुटका! पोर 'वाट द्या बाबा' न म्हणता वारूळ ओलांडून गेली. चिकटला!"

मेणाचा गोळा बटाट्यासारखा दिसत होता.

मग बाबांनी बोटभर मेणबत्ती लावली, लुनिंगपुढे भात आणि सुकी मासळी ठेवली. "ही विझेपर्यंत कुणी बोलायचं नाही, पोरीला शिवायचं नाही. शिवेल त्याच्यात बुटका शिरेल!"

आम्ही दगड झालो. ज्योत अर्ध्यावर आली आणि लुनिंगने चमचा उचलला. घास तोंडात गेला. अंगण रडलं.

"अर्धाच गेलाय," बाबा म्हणाले. "वर्षभर पोर माझ्याकडे. शाळा बंद, दवाखान्याच्या गोळ्या बंद."

एस्तेर घरी येऊन पोरीचे कपडे बांधू लागली. तेवढ्यात लुनिंगच्या शाळेतल्या पुरिंगबाई आल्या. "गाठोडं नंतर बांध. आधी सगळ्यांना जेवायला वाढ."

लुनिंगचं ताट आलं. एस्तेरने भात कालवला, मी मासळीचे काटे काढले, आईने घास पुढे केला. "आ कर गं, माझी चिमणी."

बाईंनी घड्याळ पाहिलं. "चार सेकंद."

"कसले?"

"एवढाच वेळ देता तुम्ही तिला. आता सगळ्यांनी हात मांडीखाली घ्या."

"या वयात?" आई म्हणाली.

"तुम्ही आधी, आजी."

मेणबत्ती नाही, मंत्र नाही. ताटावर माश्या बसल्या. तीन मिनिटांनी लुनिंगने चमचा उचलला.

आई कुजबुजली, "बुटका गेला?"

"नव्हताच, आजी. भीती आहे. त्यावर डॉक्टर आहेत, गोळ्या आहेत. त्या चालू ठेवा. पण हात तिचेच आहेत. हलायला वेळ घेतात, एवढंच. बाबाने तिला काही केलं नाही. तुम्हाला घाबरवून लांब बसवलं."

एस्तेरने गाठोडं सोडलं.

तुमच्या घरी असं लेकरू असेल, तर मेण ओतू नका. डॉक्टरांना दाखवा, आणि घास भरवण्याआधी जरा थांबा.

लुनिंग शाळेत जाते. सदऱ्याची चार बटणं लावायला तिला अकरा मिनिटं लागतात. आम्ही पाच जणी दारात उभ्या असतो, हात पाठीमागे बांधून.