मनगटावरची चार अक्षरं

दवाखान्याच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करणाऱ्या ताईंच्या मनगटावर नवऱ्याचं नाव गोंदलेलं होतं. सव्वीस वर्षांत चारही अक्षरं विटून हिरवट झाली होती, तरी वाचता येत होती. त्यानं दुसरा संसार थाटून अठरा वर्षं झाली होती.

लेकीचं लग्न दोन महिन्यांवर आलं, तेव्हा तीच त्यांना टॅटूच्या दुकानात घेऊन गेली. टॅटूवालीनं त्यांच्या हातावर रंगाचे चार ठिपके लावून पाहिले. "कातडीशी जुळणारा रंग बनवता येईल," ती म्हणाली. "पण खालची शाई हट्टी आहे. तीन बैठका लागतील. आणि उन्हात कातडी रापते, हा रंग रापत नाही."

"फोटोत दिसलं नाही म्हणजे झालं," लेक म्हणाली. "बाबा येणारेत ना. त्यांच्या बायकोला अवघड वाटायला नको."

ताईंनी हात मागे ओढला. "काय म्हणालीस?"

"अगं, चारचौघांत..."

"वाफेनं माझे हात पोळले, तेव्हा कुणाला अवघड वाटलं नाही. आता बाईसाहेबांसाठी मी माझी कातडी रंगवू? बघवत नसेल तर डोळे मिटून घे म्हणावं!"

ठिपके पुसून त्या तडक बाहेर पडल्या.

लग्नात त्या मुद्दाम आखूड बाह्यांचा ब्लाउज घालून वावरल्या. त्याच्या बायकोनं एकदा मनगटाकडे पाहिलं आणि मान फिरवली. त्याचं मात्र तसं नव्हतं. जेवणं उरकल्यावर तो व्याह्यांना घेऊनच आला, आणि ताईंच्या मनगटाकडे बोट दाखवून हसत म्हणाला, "बघा, अजून जपून ठेवलंय हिनं! काही म्हणा, पहिलं ते पहिलंच."

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याला टोचावं म्हणून मिरवलेलं नाव त्याच्याच टोपीत तुरा होऊन बसलं होतं.

"जपलं नाही," त्या म्हणाल्या. जन्मात पहिल्यांदा त्यांनी त्याला अरेतुरे केलं. "तू माझा हात टेबलावर दाबून धरला होतास. मी रडत होते. आणि तू त्या माणसाला सांगत होतास, अजून खोल टोच, जन्मात पुसलं जाता कामा नये."

"लग्नघरात काय हे..."

"विषय तू काढलास. आता पुरता ऐक."

व्याही खाली बघत बाजूला झाले. मागे उभी असलेली लेक पांढरीफटक पडली. "आई, तू तर म्हणायचीस, हौसेनं गोंदलं."

"सहा वर्षांच्या पोरीला दुसरं काय सांगणार होते?"

पुढच्याच आठवड्यात ताई एकट्या टॅटूवालीकडे गेल्या. सुई जुन्या शाईवरून फिरताना जीव कळवळला, पण त्या दात आवळून बसून राहिल्या. लेकीशी त्या दोन महिने धड बोलल्या नाहीत. त्याच्यावरचा राग जुना होता, सवयीचा होता. बापाच्या बायकोची काळजी करणाऱ्या लेकीवरचा नवा होता, म्हणून जास्त झोंबत होता.

तिसऱ्या बैठकीला लेक न सांगता येऊन शेजारी बसली. "बाबांना विचारलं मी," ती म्हणाली. "म्हणाले, तुझ्या आईला तिखटमीठ लावायची सवयच आहे."

"मग?"

"मी फोन आपटला."

ताईंनी मनगट दिव्याखाली धरलं. चौथं अक्षर अजून पुसट दिसत होतं. त्यांनी टॅटूवालीला सांगितलं, "इथं अजून एक हात फिरव."